इंजिन उतरवायला हो म्हणण्याआधी चार आकडे मागा

2025 साली पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल मिसळण्याचं उद्दिष्ट देशानं गाठलं आणि तेव्हापासून गॅरेजच्या बाकड्यावर बसलं की एकच विषय कानावर पडतो. मायलेज पडलं, पिकअप गेलं, या पेट्रोलनं इंजिन खाल्लं. दुसरीकडे 15 वर्षं झालेल्या गाडीची नोंदणी वाढवून घ्यायची की गाडी मोडीत द्यायची, यावर घराघरांत खल चाललेला असतो. दोन्हीकडे मुळातला प्रश्न एकच आहे: इंजिन आतून किती झिजलंय? आणि त्याचं उत्तर बहुतेक वेळा नुसता आवाज ऐकून किंवा धूर बघून दिलं जातं.

मलाही ते तसंच मिळालं होतं. चार सिलिंडरची पेट्रोल गाडी, वय 13 वर्षं, त्यातली 8 वर्षं सीएनजीवर. सकाळी सेल्फ मारला की थरथरायची, सिग्नलला उभी असताना मिसिंग करायची, म्हणजे मध्येच एखाद्या सिलिंडरचा ठोका चुकायचा. गॅरेजवाल्यानं पाच मिनिटं कान देऊन ऐकलं आणि सांगितलं, "इंजिन उतरवावं लागेल. रिंगा, बोअर, सगळं काम आलंय. 45,000 धरून चाला." मी हो म्हणायच्या बेतात होतो. सहज माझ्या चुलतभावाला फोन केला, तर त्यानं एवढंच विचारलं, "कॉम्प्रेशन किती आलं?" ते कुणी मोजलंच नव्हतं.

ही मोजणी अर्ध्या-पाऊण तासाची आहे. इंजिन न उघडता आतल्या झिजेबद्दल ती जे सांगते, ते गाडीच्या प्रत्येक मालकाला कळायला हवं असं मला मनापासून वाटतं. म्हणून हा लेख.

सायकलचा पंप आठवा

सायकलमध्ये हवा भरायचा जुना हातपंप घ्या. दांडा खाली दाबला की आतलं चामड्याचं वायसर नळीच्या भिंतीला घट्ट चिकटतं, हवा मागे निसटत नाही, दाबली जाते आणि ट्यूबमध्ये जाते. वायसर सुकलं किंवा झिजलं की दांडा लोण्यातून गेल्यासारखा खाली जातो आणि चाक तसंच राहतं. मग आपण काय करायचो? पंपाच्या नळीत दोन थेंब तेल सोडायचो. वायसर ओलं व्हायचं, फट बुजायची आणि तात्पुरती का होईना, हवा भरली जायची. हे तेलाचे दोन थेंब लक्षात ठेवा, पुढे लागणार आहेत.

इंजिनातला सिलिंडर म्हणजे असाच पंप. नळीला बोअर म्हणतात, आत खालीवर होणाऱ्या दट्ट्याला पिस्टन, आणि वायसरचं काम पिस्टनवरच्या लोखंडी रिंगा करतात. वर झाकण असतं, त्याला हेड म्हणतात. हेडमध्ये दोन प्रकारची दारं: हवा-पेट्रोल आत घेणारा इनलेट वाल्व आणि जळलेला धूर बाहेर सोडणारा एक्झॉस्ट वाल्व. हेड आणि खालचा ब्लॉक यांच्यामध्ये एक पातळ पत्रा असतो, तो हेड गॅस्केट; कुकरच्या झाकणाची रिंग वाफ अडवते तसं त्याचं काम. एवढे शब्द कळले की पुढचं सगळं कळतं.

पिस्टन खाली जाताना हवा-पेट्रोल आत ओढतो, मग दोन्ही दारं बंद होतात आणि पिस्टन वर येताना ते मिश्रण साधारण एक दशांश जागेत कोंबतो. हे कोंबणं म्हणजे कॉम्प्रेशन. मिश्रण असं दाबलं जातं, तेव्हाच ठिणगी पडल्यावर त्यातून पुरेशी ताकद मिळते. दाब निसटला, तर पेट्रोल तेवढंच जळतं आणि ताकद मात्र कमी मिळते. निसटायला वाटा तीनच: रिंगांच्या कडेनं खाली, वाल्वच्या कडेनं वर, नाहीतर गॅस्केटमधून बाजूला. कॉम्प्रेशन मोजणं म्हणजे दाब किती टिकतो ते बघून तो यातल्या कुठल्या वाटेनं जातोय याचा माग काढणं.

झीज होते तरी कुठे

पिस्टन आणि बोअर यांच्यातली फट नव्या इंजिनात साधारण 0.03 मिलिमीटर, म्हणजे डोक्याच्या केसाच्या निम्मी. ही फट रिंगा आणि ऑइलचा पातळ थर मिळून बुजवतात. गाडी 3,000 आरपीएमला चालत असेल, तर प्रत्येक पिस्टन मिनिटाला 3,000 वेळा वर जाऊन खाली येतो.

बोअर सगळीकडे सारखी झिजत नाही. पिस्टन वरच्या टोकाला क्षणभर थांबून उलटा फिरतो, तिथे ऑइलचा थर तुटतो, आणि जळण्याचा दाब आणि उष्णताही तिथेच सगळ्यात जास्त. म्हणून जुन्या इंजिनाचं हेड काढलं की बोअरच्या वरच्या बाजूला बोटाला एक कडा लागते. कडेच्या वर रिंग पोचत नाही, ती मूळ बोअर, कडेखालची झिजलेली. एअर फिल्टर फाटका असेल तर धूळ आत जाऊन तिथे सँडपेपरचं काम करते. कच्च्या रस्त्यांवर, ऊसतोडीच्या फडात चालणाऱ्या गाड्यांचे बोअर लवकर जातात ते यामुळे.

मोजतात कसं

चुलतभावानं सोलापूर रस्त्यावरच्या एका वयस्कर मेस्त्रींकडे पाठवलं. त्यांनी आधी गाडी चांगली गरम करून घेतली, कारण थंड धातू आकसलेला असतो आणि आकडे कमी येतात. प्लगच्या (ठिणगी पाडणाऱ्या भागाच्या) खड्ड्यांमधली धूळ हवेनं उडवली, नाहीतर प्लग काढताना तीच आत पडते. सीएनजी टाकीचा वाल्व बंद केला, पेट्रोल पंपाचा फ्यूज काढला, इग्निशनचे कनेक्टर काढले. मग चारही प्लग काढून गाडीतल्या क्रमानंच फडक्यावर मांडले.

गेज दिसायला हवा तपासायच्या गेजसारखंच असतं, फक्त त्याची नळी प्लगच्या भोकात आट्यांवर बसते. आत ट्यूबच्या वाल्वसारखा एकतर्फी वाल्व असतो, त्यामुळे काटा चढला की तिथेच थांबतो. मला गाडीत बसवलं आणि सांगितलं, "एक्सिलेटर पूर्ण दाबून ठेवा आणि सेल्फ मारा. मी थांब म्हणेपर्यंत सोडू नका." एक्सिलेटर दाबायचा तो हवेचं दार पूर्ण उघडं राहावं म्हणून. ते अर्धवट उघडं असलं की सिलिंडरला ओढायला हवाच मिळत नाही आणि चांगलं इंजिनही आजारी दिसतं. घाईत सगळ्यात जास्त हीच चूक होते. दुसरी चूक म्हणजे उतरलेली बॅटरी: सेल्फ रेंगाळला की दाब निसटायला वेळ मिळतो आणि आकडा पडतो.

पहिल्या सिलिंडरचा काटा टप्प्याटप्प्यानं चढला: 85, 125, 150, 160, 165. दुसरा 160 वर थांबला. तिसऱ्याला मात्र काटा पहिल्या झटक्याला 55 वर आला, मग 75, 88, 95, आणि तिथेच अडकला. पुढचे दोन-तीन झटके दिले तरी हलला नाही. चौथा 162.

हे आकडे पीएसआयमध्ये, ज्याला गॅरेजात पौंड म्हणतात. टायरमध्ये आपण 32-33 पौंड हवा भरतो त्याच्या पाचपट. काही गेज किलोमध्ये असतात. एक किलो म्हणजे सुमारे 14 पौंड. बऱ्याच पेट्रोल गाड्यांचा चांगला आकडा 150 ते 200 पौंडांच्या दरम्यान असतो, पण तुमच्या इंजिनाचा नेमका आकडा त्याच्या वर्कशॉप मॅन्युअलमध्येच बघायचा. मिश्रण एक दशांश जागेत दाबलं म्हणजे दाब बरोबर दहापट, असं सरळ गणित इथे चालत नाही. हवा दाबली की तापते (सायकलचा पंप तोंडाशी गरम लागायचा, ते हेच) आणि दाब आणखी वाढतो. उलट इनलेट वाल्व थोडा उशिरा बंद होत असल्यानं काही हवा परत बाहेरही ढकलली जाते. प्रत्येक इंजिनात हा हिशेब वेगळा.

म्हणून एकेकट्या आकड्यापेक्षा सिलिंडरांमधला फरक जास्त बोलतो. सगळ्यात कमी आकडा सगळ्यात जास्त आकड्याच्या 75 टक्क्यांखाली जाऊ नये, हा जुना ढोबळ नियम. अनेक मॅन्युअल याहून कडक असतात, ती सिलिंडर-सिलिंडरमध्ये एका किलोपेक्षा जास्त फरक चालवून घेत नाहीत. माझा तिसरा सिलिंडर 165 च्या 58 टक्क्यांवर होता. दोष तिथे होता, यात शंका उरली नाही. पण दोष कुठला?

चमचाभर तेल

मेस्त्री म्हणाले, "तेल टाकून बघू साहेब. काटा चढला तर खालचं काम, नाही चढला तर वरचं."

हाच तो पंपातल्या तेलाचा प्रयोग. प्लगच्या भोकातून चहाचा चमचाभर इंजिन ऑइल सोडायचं, सेल्फ दोन-तीन वेळा फिरवून ते पसरू द्यायचं आणि पुन्हा मोजायचं. ऑइल पिस्टनवर पडून कडेनं रिंगांपाशी उतरतं आणि तिथली फट घटकाभर बुजवतं. वाल्व वर हेडमध्ये असल्यानं त्यांच्यापर्यंत ते पोचत नाही. म्हणून 95 चा आकडा 140-150 वर उडी मारतो, तेव्हा दाब रिंगांकडून जात असतो. म्हणजे खालचं काम, इंजिन उतरवणं आलंच. आकडा जागचा हलला नाही, तर गळती वाल्वची किंवा गॅस्केटची. म्हणजे वरचं काम, फक्त हेड काढून होणारं. शेजारशेजारचे दोन सिलिंडर सारखेच पडलेले असतील, तर त्या दोघांमधलं गॅस्केट फुटल्याचा संशय आधी घ्यायचा.

काटा कसा चढला, यावरूनही अंदाज येतो. रिंगा झिजलेल्या असतील तर पहिला झटका कमी, पण पुढे दर झटक्याला थोडं थोडं चढत जातं. वाल्व गळत असेल तर आकडा कमीपासून सुरू होतो आणि कमीवरच अडतो.

माझा तिसरा सिलिंडर तेल टाकल्यावर 95 वरून 100 वर गेला. बस.

यापुढची पायरी सगळीकडे होत नाही, पण होत असेल तर जरूर करून घ्या. तिला लीकडाउन म्हणतात. पिस्टन वर आणून, दोन्ही वाल्व बंद असताना, प्लगच्या भोकातून कॉम्प्रेसरची हवा आत सोडायची आणि ती कुठून बाहेर पडते ते ऐकायचं. एअर फिल्टरच्या बाजूला सूं आवाज आला तर इनलेट वाल्व, ऑइल भरायच्या झाकणातून आला तर रिंगा, रेडिएटरच्या पाण्यात बुडबुडे दिसले तर गॅस्केट. आम्ही मागे जाऊन सायलेन्सरच्या तोंडाशी हात धरला. तळहाताला वारा लागला. एक्झॉस्ट वाल्व.

सीएनजी आणि टॅपेट

असं का झालं, तेही सांगतो, कारण पुण्या-मुंबईत सीएनजीवर चालणाऱ्या गाड्या लाखांनी आहेत. सीएनजी कोरडा वायू. पेट्रोल द्रवरूपात येतं, उडून जाताना वाल्वला थोडं गार करतं. सीएनजीत ते होत नाही. पेट्रोलसाठी बनलेल्या इंजिनात वाल्व जिथे टेकतो ती सीट हळूहळू खचते आणि वाल्व हेडमध्ये वर वर जातो. मग टॅपेटची फट, म्हणजे वाल्व आणि त्याला ढकलणारा भाग यांच्यातली मोकळी जागा, कमी होत होत संपते. त्यानंतर वाल्व कधीच पुरता बंद होत नाही, दाराखाली चप्पल अडकावी तसा. त्यात एक्झॉस्ट वाल्व 700 अंशांच्या वर तापतो आणि आपली उष्णता सीटला टेकूनच सोडतो. टेकलाच नाही तर कडा जळते. माझ्या वाल्वला कडेला नखाएवढी खाच पडली होती, काळीनिळी.

म्हणून सीएनजी गाडीचे टॅपेट दर सर्व्हिसिंगला तपासून घ्या. ते आपोआप जुळणारे असतील, तर त्यांना हात लावावा लागत नाही.

"चारही आकडे कमी, पण सारखे. मग?"

इथे लगेच घाबरू नका. चारही सिलिंडर सारखेच झिजले असतील, तर ते वर्षानुवर्षं हळूहळू झालेलं असतं, एका दिवसात नाही. आधी बॅटरी, एक्सिलेटर आणि गेज तपासा. टायमिंग बेल्ट किंवा चेन एखादा दात सरकली असेल, तर वाल्व अवेळी उघडतात आणि चारही आकडे एकदम पडतात.

आणि गाव किती उंचावर आहे तेही बघा. सिलिंडर भोवतालची हवाच आत घेतो. महाबळेश्वर सुमारे 1,370 मीटर उंचीवर, तिथे हवेचा दाब मुंबईपेक्षा साधारण 15 टक्क्यांनी कमी. मुंबईत 170 दाखवणारं इंजिन तिथे 145 च्या आसपास दाखवेल आणि त्यात काहीही बिघाड नसेल.

आकडा नेहमीपेक्षा जास्त आला तर? तेही चांगलं लक्षण नाही. पिस्टनवर कार्बन साचून जागा कमी झालेली असते, किंवा आत ऑइल येत असतं.

"निळा धूर मारतेय, मग मोजायचं कशाला?"

निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय, एवढंच नक्की. ते खालून रिंगांमधून येतं, तसंच वरून वाल्वच्या दांड्याकडूनही येऊ शकतं. वाल्वच्या दांड्यावर रबराचं छोटं सील असतं. ते कडक झालं की रात्रभर थेंब थेंब ऑइल आत झिरपतं आणि सकाळी पहिल्या सेल्फला निळा भपकारा येतो, मग धूर थांबतो. अशा इंजिनाचं कॉम्प्रेशन उत्तम असू शकतं.

या चाचणीची मर्यादाही इथेच कळते. पिस्टनवर साधारण तीन रिंगा असतात. दाब अडवण्याचं मुख्य काम वरच्या दोन करतात, खालची बोअरवरचं जास्तीचं ऑइल पुसून काढते. फक्त ही खालची रिंग कार्बननं चिकटली, तर गाडी ऑइल खाते आणि कॉम्प्रेशन मात्र चांगलं येतं. क्रँकचे बेअरिंग, ऑइल पंप यांच्याबद्दल तर गेज काहीच सांगत नाही. ठकठक आवाज येत असेल, तर चांगल्या आकड्यांवर विसंबून राहू नका.

"स्कॅनर लावला की सगळं कळतं ना?"

स्कॅनर सांगतो की तिसऱ्या सिलिंडरमध्ये मिसफायर आहे. तो प्लगमुळे, कॉइलमुळे, इंजेक्टरमुळे की वाल्वमुळे, हे त्याला सहसा ठरवता येत नाही. प्लग आणि कॉइल बदलूनही मिसिंग गेलं नाही, तर कॉम्प्रेशन मोजल्याशिवाय तिसरा भाग बदलू देऊ नका. आणि पीयूसीचं म्हणाल, तर ती सायलेन्सरमधून काय बाहेर पडतं ते बघते. सिलिंडरमध्ये दाब किती टिकतो, हे तिला विचारलेलंच नसतं.

मग ई-20 नं, म्हणजे 20 टक्के इथेनॉलच्या पेट्रोलनं, इंजिन खाल्लं की नाही?

इथे ही चाचणी फार कामाची आहे. इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी असते. त्या हिशेबानं ई-20 मध्ये निव्वळ पेट्रोलच्या तुलनेत ऊर्जा साधारण 7 टक्क्यांनी कमी भरते. त्यामुळे इंजिन अगदी ठणठणीत असलं तरी मायलेज थोडं पडणारच. आधी 10 टक्के इथेनॉलचं पेट्रोल भरत होतात, तर फरक याच्या निम्मा. मायलेज पडलं आणि कॉम्प्रेशन चारही सिलिंडरना जागच्या जागी आहे, तर मायलेज पडण्याचं कारण बोअर-रिंगा नाहीत, आणि त्यासाठी इंजिन उतरवणं म्हणजे पैसे पाण्यात. मात्र इथेनॉलची जुन्या गाड्यांबाबतची खरी काळजी रबरी नळ्या, सील आणि इंधन पंप यांची आहे. ते गेजवर दिसत नाही, डोळ्यांनी तपासावं लागतं.

डिझेल असेल तर

डिझेलला ठिणगी नसते. हवा इतकी दाबायची की तिच्या उष्णतेनंच डिझेल पेटावं. त्यामुळे दाब पेट्रोलच्या दुप्पट-अडीचपट, गेज वेगळं, आणि ते ग्लो प्लगच्या (थंड इंजिन सुरू करताना आतली हवा तापवणाऱ्या भागाच्या) किंवा नोझलच्या (डिझेल फवारणाऱ्या भागाच्या) जागी लावतात. पेट्रोलचं गेज डिझेलला लावू देऊ नका, आणि तेल टाकायचा प्रयोग तर डिझेलवर करूच नये: वरची जागा इतकी कमी असते की जास्तीचं तेल दाबलं न जाता पिस्टनचा दांडा (कनेक्टिंग रॉड) वाकवू शकतं, नाहीतर तेच पेट घेतं. झिजलेलं डिझेल इंजिन पहिली तक्रार थंडीत करतं. सेल्फला इंजिन मिनिटाला 200-300 फेरेच घेतं, दाब निसटायला भरपूर वेळ मिळतो, हवा पुरेशी तापत नाही. तेच इंजिन एकदा सुरू झालं की हायवेला बरं पळतं, कारण वेगात निसटायला वेळच उरत नाही. "चालू झाली की काही त्रास नाही" असं सांगून कुणी जुना ट्रॅक्टर किंवा डिझेल गाडी विकत असेल, तर सकाळी इंजिन थंड असताना जाऊन सेल्फ स्वतः मारून बघा आणि मगच कॉम्प्रेशन मोजून घ्या.

जुनी गाडी घेताना मोजणीचा खर्च आपण देऊ असं सांगा. त्यालाही विकणारा तयार नसेल, तर मी ती गाडी घेणार नाही. गॅरेजकडूनही "कॉम्प्रेशन कमी आहे" एवढं तोंडी उत्तर घेऊ नका. प्रत्येक सिलिंडरचा आकडा, तेल टाकण्याआधीचा आणि नंतरचा, कागदावर मागा. दुसऱ्या गॅरेजात गेलात तर तोच कागद दाखवता येतो.

माझ्या गाडीचं हेड उतरलं, एक एक्झॉस्ट वाल्व नवा आला, बाकीच्यांच्या सीट घासून घेतल्या, टॅपेट लावले, गॅस्केट बदललं. 11,000 लागले. गाडी ताब्यात देण्याआधी मेस्त्रींनी न सांगता पुन्हा प्लग काढले आणि गेज लावलं. तिसऱ्याचा काटा 161 वर थांबला. चारही आकडे, तारीख आणि किलोमीटर त्यांनी मार्करनं बोनेटच्या आतल्या बाजूला लिहून दिले, पुढच्या वेळी ताडून बघायला.